खिशातला कस्टर्डचा धूर

ज्या माणसाने दहा-बारा वर्षं शाळकरी पोरांच्या खिशांतून एक वस्तू जप्त केली, त्याच माणसाने एकसष्टाव्या वर्षी मफलर नाकापर्यंत ओढून तीच वस्तू विकत घ्यायला जावं, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही. मी ती अभिमानाने सांगतही नाहीये. माझी बायको ग्लेनिस ती आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगते आणि दर वेळी त्यात थोडी भर घालते. तेव्हा मूळ प्रत निदान एकदा तरी माझ्याकडून जावी, एवढाच हेतू.

मी रोलंड बर्टविसल. निवृत्त उपमुख्याध्यापक, विषय भूगोल, खातं शिस्तीचं. शाळेत शिस्त बघायची आणि घरी मागच्या शेडमध्ये कुदळ-फावड्यांच्या संगतीत सिगारेट ओढायची, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. त्यात मला कधी विसंगती दिसली नाही. शिस्तीच्या खात्यातल्या माणसाला स्वतःची विसंगती दिसली तर खातं चालायचं कसं?

फेब्रुवारीत आमच्या हेदरला मुलगी झाली. मार्था. मी दवाखान्यात दोन्ही हात पुढे करून धावलो, तर हेदरने पलंगावरूनच थांबवलं.

"डॅड, तुझ्या कोटाला वास येतोय. केसांना येतोय. मिशीला तर फारच येतोय. तो जाईपर्यंत मार्थाला उचलायचं नाही. लांबून बघ."

मी लांबून बघितलं. मग दर रविवारी लांबून बघू लागलो. बाकीचे लोक तिला एकमेकांच्या हातांतून चहाच्या कपासारखं फिरवत होते. शेजारच्या मिसेस प्लमरने उचललं, पोस्टमनने उचललं, आणि सख्खा आजोबा मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. मला रडू येत नाही, पण त्या खुर्चीत एकदा डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

मग मी सिगारेट सोडायच्या मागे लागलो. दंडाला पट्ट्या लावल्या, त्यांनी पुरळ उठलं. निकोटीनचं च्युइंग गम चघळलं, त्यात पुढचा खोटा दात निघून आला. तो बसवून परत येताना वाटेत एक सिगारेट ओढली, कारण दंतवैद्याने फार दुखवलं होतं.

आता आमचा क्लब. मॉसगिल बोल्स क्लब. गोळे घरंगळवायचे, ते मधल्या छोट्या गोळ्याच्या जवळात जवळ जाऊन थांबले पाहिजेत, एवढाच खेळ. पण ज्या हिरवळीवर तो चालतो, ती आम्ही स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त जपतो. तिच्यावर सपाट तळाच्या खास बुटांशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा एक नवा पाद्री साध्या बुटांनी चालत गेला, तर त्याची बदली होईपर्यंत लोक त्याच्या प्रार्थनेला मागच्या बाकांवर बसत होते.

हिरवळ कापायचं यंत्र ठेवायच्या खोलीमागे एक बाक आहे. घरी 'सोडली' असं सांगितलेले आम्ही चौघे तिथे बसतो. त्यांतला विल्फ ॲक्रॉइड माझा शेजारी, बसचा निवृत्त इन्स्पेक्टर. सल्ला देणं हा त्याचा श्वास आहे. मी माझं दुःख सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते भरून वापरायचं पेन येतं ना, वाफेचं? ते घे."

"विल्फ, मी ती पोरांकडून जप्त करायचो."

"मग तुझा अनुभव दांडगा. तू घे, ओढून बघ, आणि दहापैकी मार्क दे. चांगलं निघालं तर आम्ही घेऊ."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर तू शिकलेला आहेस. निभावून नेशील."

आमच्याकडे चार माणसं आणि एक चहाची किटली एकत्र आली की समिती होते. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, आणि मी परीक्षक म्हणून नेमला गेलो. मार्थाला उचलण्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो. शिवाय 'परीक्षक' म्हटल्यावर शेपटी हलवणं हा शाळामास्तरांचा जन्मजात दोष आहे.

ते दुकान हमरस्त्यावर केकवाला आणि अंत्यविधीवाला यांच्या मधोमध आहे. मी तीन वेळा त्यावरून गेलो. पहिल्यांदा केक घेतला. दुसऱ्यांदा अंत्यविधीवाल्याकडे थडग्याच्या दगडांचे भाव विचारले. तिसऱ्यांदा कुणी ओळखीचं दिसत नाहीसं बघून आत घुसलो.

"काय हवंय, राजा?" काउंटरमागची बाई म्हणाली. छातीवर नाव होतं, डोरीन. आवाज असा, की गावाला घंटाघराची गरज का वाटावी, असा प्रश्न पडला.

"साधं पेन," मी कुजबुजलो. "भरता येणारं. बटणं नकोत, दिवे नकोत."

"पहिल्यांदाच का, राजा? लाजू नकोस!" हे केकवाल्यालाही ऐकू गेलं असावं. "ओळखपत्र दाखव."

"बाई, मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"ते दिसतंयच रे. पण आमच्याकडे नियम कडक. कुठल्याशा शाळेच्या उपमुख्याध्यापकाने नगरपालिकेत तक्रार केली होती. म्हणे, दुकानदार पोरांना माल विकतात, तेव्हा चेहरा बघू नका, कागद बघा. तेव्हापासून आम्ही कुणाचाच चेहरा बघत नाही. मागच्या आठवड्यात एक शहाऐंशीची म्हातारी परत पाठवली. तो मास्तर मला एकदा भेटायला हवा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या तक्रारीखालची सही माझी होती. एव्हाना माझ्यामागे रांग लागली होती, आणि आमच्या रांगा बोलत नाहीत, फक्त खोकतात. मी रेल्वेचा ज्येष्ठांचा पास काढला आणि नावावर अंगठा ठेवून पुढे धरला.

"अंगठा काढ, राजा."

मी अंगठा काढला. तिने नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा नाव वाचलं. रांग खोकायची थांबली.

"आत भरायला तंबाखूच्या चवीचा रस द्या," मी कसाबसा म्हणालो.

"तंबाखू संपली," तिच्यामागच्या भरगच्च फळीकडे ढुंकूनही न बघता ती म्हणाली. "रूबार्ब-कस्टर्ड घ्या, सर. शाळेच्या पुडिंगसारखं लागतं. जुने दिवस आठवतील."

'राजा'चा 'सर' झाला होता. मी मुकाट्याने पैसे दिले आणि बाहेर पडलो.

पेन तसं देखणं होतं. सडपातळ, करड्या रंगाचं, वर तोंडात धरायची चपटी चोच, मध्ये रसाची पारदर्शक टाकी, खाली बॅटरी. ओढलं की आपोआप तापतं. सोबत सूचनांची घडी होती. जन्मभर पोरांना 'प्रश्न दोनदा वाचा' असं ओरडून सांगणाऱ्या मी ती घडी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली आणि टाकीच्या मधल्या भोकात रस ओतला. ते भोक हवेचं होतं. रसाचं भोक कडेला असतं.

पहिल्या झुरक्याला गरम कस्टर्ड जिभेवर उडालं. दुसऱ्याला आतल्या करपलेल्या कापसाच्या वातीची चव आली.

"सूचना वाचल्यास?" ग्लेनिसने विचारलं.

"यंत्र सदोष आहे."

"टेबल डुगडुगायचं थांबलंय," ती म्हणाली. एवढंच बोलून ती बटाटे सोलत राहिली, आणि मी खाली वाकून ती घडी काढली.

दुसऱ्या दिवशी विल्फ कुंपणावरून डोकावला. "आडवं ठेवतोस का उभं?"

"खिशात ठेवतो."

"उलटं ठेव. चोच खाली. रस नीट मुरतो. आमच्या बसच्या इंजिनाचं तेल असंच असायचं." बसचं इंजिन उलटं कधी ठेवत होते, हे मी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या कुंपणावरून मिसेस प्लमर म्हणाल्या, "मिस्टर बर्टविसल, जपा हं. माझ्या बहिणीच्या जावयाच्या खिशात फुटलं ते."

"कुठल्या खिशात?"

"ते तिने सांगितलं नाही. पण तेव्हापासून तो उभ्यानेच जेवतो."

आणि तरीही, प्रामाणिकपणे सांगतो, ते पेन चाललं. रस कडेने भरून, कापूस भिजेपर्यंत थांबून, हळू ओढलं की तलफ भागायची. एक आठवडा गेला, मग दुसरा, आणि शेडमधलं सिगारेटचं पाकीट बियाण्यांच्या डब्यामागे तसंच पडून राहिलं. मी मनातल्या मनात मार्क देत होतो. भरणं: सहा. ओढणं: सात. गळणं: चार. प्रतिष्ठा: शून्य, कारण माझ्या अंगाला चालत्याबोलत्या पुडिंगसारखा वास यायचा आणि प्लमरबाईंचं कुत्रं माझी पाठ सोडेना.

पुढच्या रविवारी हेदरने माझ्या कोटाला नाक लावलं. "डॅड! सिगारेटचा वास नाही!"

"सोडली," मी म्हणालो. हे खरं होतं.

"पण हा गोड वास कसला?"

आता इथे सरळ सांगायचं होतं. ग्लेनिसने टेबलाखालून मला पायही मारला. पण माझ्याच शाळेत शिकलेल्या, मला सभागृहाच्या मंचावरून 'वाफ म्हणजे धुराची धाकटी बहीण' असं गरजताना ऐकलेल्या माझ्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगू? मला लाज वाटली. भयंकर वाटली.

"कस्टर्ड," मी म्हणालो. "हल्ली पुडिंग फार खातो. सिगारेटऐवजी."

हेदरचे डोळे भरून आले. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती माझ्यासाठी स्वतःच्या हाताने रूबार्बचं पुडिंग आणि कस्टर्डचा जग भरून आणू लागली. तान्ही पोर सांभाळून, रात्रीची झोप नसताना! आणि समोर बसून, मी संपवेपर्यंत बघायची. मला ते आंबट देठांचं रूबार्ब आवडत नाही. कधीच आवडलेलं नाही. मी प्रत्येक घास शिक्षेसारखा गिळला आणि पँटचं बटण सैल केलं.

"क्लबच्या हंगामाच्या उद्घाटनाला मी मार्थाला घेऊन येते," ती एप्रिलमध्ये म्हणाली. "तिथे सगळ्यांसमोर तुझ्या हातात देईन. तू कमावलंयस ते, डॅड."

त्या रात्री ग्लेनिस म्हणाली, "आधी सांग तिला."

"सांगतो."

"कधी?"

"उद्घाटनानंतर." भित्र्या माणसाच्या पंचांगात शुभमुहूर्त नेहमी नंतरचाच असतो.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन पडलं होतं. बिल्ल्याचा ब्लेझर घातला. ग्लेनिस गाडीचा भोंगा वाजवत होती. अख्खा दिवस पुरावा म्हणून मी घाईघाईत पेन काठोकाठ भरलं आणि ते आतल्या खिशात, विल्फच्या शास्त्रानुसार, उलटं ठेवलं. कुठल्या भोकातून भरलं हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. परिणामांवरून तर्क करता येतो.

आमचे जुने अध्यक्ष पर्सी हॅलिवेल हिवाळ्यात वारले होते. तेव्हा खेळाआधी त्यांच्यासाठी एक मिनिट मौन. आम्ही सगळे हिरवळीच्या कडेने उभे राहिलो. झेंडा अर्ध्यावर आला. समोरच्या बाजूला हेदर बाबागाडी घेऊन उभी होती, मला बघून तिने मार्थाचा इवलासा हात हलवून दाखवला. कॅप्टन लोमॅक्स यांनी घड्याळ हातात धरलं, मान खाली घातली, आणि मौन सुरू झालं.

तेवढ्यात माझ्या छातीपाशी गुळगुळ असा आवाज झाला.

मग ऊब आली. मग ब्लेझरच्या गळ्यातून एक पांढरी, जाड, संथ वाफ वर येऊ लागली. रस हवेच्या वाटेने आत शिरला होता आणि पेन स्वतःच स्वतःला ओढत होतं. माझ्या आयुष्यातल्या एकाही विद्यार्थ्याने असा अखंड उद्योग दाखवलेला नाही.

तुम्ही म्हणाल, खिशात हात घालून काढायचं की. मौनात? पर्सी हॅलिवेलच्या? आमच्याकडे मौनात माणूस हलत नाही. नाकावर माशी बसली तर माशीलाही तेवढा वेळ थांबावं लागतं. मी हलत नव्हतो आणि धुमसत होतो. हवा पडलेली होती. रूबार्ब-कस्टर्डचा घमघमाट हिरवळीवर सावकाश पसरला. शेजारी विल्फने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग झेंड्याकडे असं बघितलं, जणू त्याने मला जन्मात पाहिलेलं नाही. प्लमरबाईंचे ओठ हलत होते. त्या बहुधा जावयासाठी नाहीतर माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या, पण मनातल्या मनात. साठ-सत्तर भली माणसं एका माणसाला जळताना बघत होती आणि मौन मोडायला नको म्हणून एकही जण हूं की चूं करत नव्हता. कॅप्टन लोमॅक्स तर माझ्याकडे बघण्याच्या नादात घड्याळ बघायचं विसरले, आणि ते मिनिट संपेचना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीवर आमची हिरवळ होती, तिला कोण दुभंगू देणार?

"डॅड!"

हेदर किंचाळली. बाप पेटला या समजुतीने ती बाबागाडीसकट सरळ हिरवळीवरून धावत सुटली. टाचांच्या बुटांनी.

आणि तेव्हा मौन मोडलं. माणूस पेटला तेव्हा न मोडलेलं मौन तेव्हा मोडलं.

"बाई! बूट!" कॅप्टन लोमॅक्स ओरडले. "हिरवळीवर बूट!"

"चाकं! चाकं!" चारी बाजूंनी आकांत झाला. एक सभ्य गृहस्थ चक्क खाली बसले.

हेदरने ऐकलंच नाही. तिने माझा ब्लेझर उघडला, आत हात घातला आणि ते ओलं, गरम, गुळगुळणारं पेन बाहेर काढलं. त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा भीतीने पांढरा झाला होता, तो हळूहळू दुसऱ्याच रंगाचा झाला.

"हे पुडिंग?"

"हो."

"मी रात्री जागून रूबार्ब चिरायचे, डॅड."

तिने पिशवीतून बाळाचा कोरा लंगोट काढून त्यात पेन गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि शांतपणे माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं. "जप्त. रविवारी पालकांना घेऊन ये. मग बघू." बाबागाडी वळवून ती गेली. या वेळी कडेच्या वाटेने गेली. मार्था गाडीत गाढ झोपलेली होती, आणि मी तिला पुन्हा एकदा लांबून बघितलं.

त्यानंतरचा चहा मी विसरू शकणार नाही. धुराबद्दल कुणीही एक अक्षर काढलं नाही. सगळी चर्चा चाकांच्या चाकोऱ्यांवर. शेवटी मला सहन होईना. मी उभा राहिलो, चमच्याने कप वाजवला आणि म्हणालो, "मित्रहो, तो धूर माझा होता. मी माफी मागतो."

"कसला धूर?" कॅप्टन लोमॅक्स म्हणाले.

"मघाचा. माझ्या कोटातला."

"मला तर काही दिसला नाही. कुणाला दिसला का?" सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी धुकं म्हणालं. प्लमरबाईंनी मला सँडविच दिलं. माफी मागायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही, आणि याला आम्ही सभ्यता म्हणतो.

विल्फ तेवढा कानाशी लागला. "दहापैकी किती?"

"विल्फ, तू चालता हो."

तो आठवडा वाईट गेला. पेन नव्हतं. बाकावर विल्फने सिगारेट पुढे केली. "घे रे, कुणाला कळतंय?" शेडमध्ये बियाण्यांच्या डब्यामागचं पाकीटही मला हाका मारत होतं. मी ते काढलं, हातात धरून उभा राहिलो, आणि तसंच खताच्या बादलीत बुडवलं. तिकडे ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघितलं आणि पडदा ओढून घेतला. मला वाटतं, ती रडत होती. ती म्हणते, कांदे होते.

रविवारी आम्ही हेदरच्या दाराशी उभे राहिलो. मी पुढे, पालक मागे. हेदरने दार उघडलं. खांद्याशी मार्था.

"पालक आलेत का?"

"मी," ग्लेनिस म्हणाली. हे तिला अवाजवी आवडत होतं. "घरी आम्ही खूप सांगतो हो, मिस. पण ऐकतच नाही."

"तुला काय म्हणायचंय, रोलंड?"

हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो पोरांना विचारला असेल. प्रत्येक पोरगं उत्तर न देता बुटांकडे बघत उभं राहायचं. मला तो उद्धटपणा वाटायचा, त्याबद्दल मी वेगळी शिक्षा द्यायचो. आता मी बुटांकडे बघत होतो. कारण वर बघता येत नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला एकसष्ट वर्षं लागली.

"लाज वाटली," मी म्हणालो. "सिगारेटची नाही वाटली कधी, त्या पेनची वाटली. तू हसशील म्हणून नव्हे. तू ते सगळं मंचावरचं ऐकलंयस म्हणून."

हेदर जवळ आली. माझ्या कॉलरला नाक लावलं, बाहीला लावलं, मिशीला लावलं.

"या आठवड्यात किती?"

"एकही नाही. ना सिगारेट, ना पेन."

"हात धू. कोपरापर्यंत."

मी धुतले. सर्जनने धुतले नसतील इतके धुतले. मग तिने मार्थाला माझ्या हातात ठेवलं. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि गरम होती. तिने माझा टाय मुठीत धरला आणि चोखायला सुरुवात केली.

"पेन कपाटावर आहे," हेदर म्हणाली. "धुऊन ठेवलंय. इथे नाही, घरात नाही, हिच्यासमोर तर कधीच नाही. जाताना माझ्याकडे माग."

"येस, मिस."

टेबलावर रूबार्ब-कस्टर्डच्या दोन वाट्या मांडल्या होत्या, दोन्ही माझ्यासाठी. मी एका हाताने दोन्ही संपवल्या. संध्याकाळी ग्लेनिसने कोट घातला, गाडीची किल्ली वाजवून दाखवली, दोनदा घसा खाकरला. मी पेन मागितलं नाही. ते घ्यायला मार्थाला खाली ठेवावं लागलं असतं.